रुपयाएवढा चेहरा

पहिलं पान आईंच्या हातात दिलं तेव्हा त्यांनी ते आधी जवळ धरलं, मग लांब धरलं, चष्मा कपाळावर सरकवला, परत खाली घेतला आणि म्हणाल्या, "छान आहे हो. रांगोळी आहे का?"

त्या पानावर 23 फोटो होते. लग्न, बारसं, मुंज, साताऱ्याच्या क्वार्टरची बाग, सगळं एका चौकोनात. आठ रात्री जागून कॉम्प्युटरवर जुळवलेलं. पडद्यावर काय दिसत होतं म्हणून सांगू! आणि जिच्यासाठी केलं तिला ती रांगोळी वाटली.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. यंदा त्यांचं सहस्रचंद्रदर्शन. हॉल, गुरुजी, जेवणाचा बेत हे धाकट्या भावजींनी अंगावर घेतलं, आहेराचं जाऊबाईंनी, आणि "काहीतरी फोटोंचं" माझ्या वाट्याला आलं. फोटोंचं म्हणजे बाकीच्यांच्या डोक्यात मोठ्या पडद्यावर गाणं लावून सरकणारे फोटो होते. मी म्हटलं, ते दहा मिनिटांत संपेल आणि निम्मे लोक आइस्क्रीमच्या रांगेत असतील. आईंना मांडीवर घेऊन बसता येईल असं काहीतरी करू. हातकागदाची पानं, हाताने चिकटवलेले तुकडे, हाताने लिहिलेल्या ओळी. मूळ फोटो मात्र कापायचे नाहीत की चिकटवायचे नाहीत. ते स्कॅन करून, कॉम्प्युटरवर कोलाज जुळवून, त्याचे प्रिंट लावायचे. असं ठरलं. म्हणजे मीच ठरवलं, आणि बाकीच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

कागदासाठी शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत गेले. सुती चिंध्यांच्या लगद्याचा तो जाड, किंचित खरबरीत कागद मला कॉलेजपासून आवडतो. कडा सरळ नसतात, पाण्याने ओघळल्यासारख्या असतात. त्यातून 12 बाय 12 इंचांची 16 पानं कापून घेतली. पहिला मूर्खपणा तिथेच केला. वाटलं, कोलाज थेट ह्याच कागदावर छापावं, चिकटवाचिकटवीच नको. घरच्या इंकजेटमध्ये छोटा तुकडा घालून पाहिला. शाई कागदाने अशी पिऊन घेतली की सासऱ्यांची मिशी आणि वरचा ओठ एक झाले. कपड्याच्याच जातीचा कागद तो, शाई पसरणारच. तेव्हा हातकागद फक्त खाली, आणि फोटो वेगळ्या कागदावर.

आता फोटो. ते तीन पिढ्यांचे आणि तीन जातींचे होते.

सर्वांत जुने कराडच्या वाड्यातल्या ट्रंकेत, एका रेशमी पिशवीत. 6 बाय 9 सेंटीमीटरचे, नागमोडी कडा कापलेले, काळे-पांढरे. साध्या बॉक्स कॅमेऱ्याचे, निगेटिव्हच्याच आकाराचे प्रिंट. त्यानंतरचे चौकोनी, सत्तरच्या दशकातले, चुलत सासऱ्यांच्या अ‍ॅग्फा क्लिक थ्रीने काढलेले. त्या कॅमेऱ्यात एका रोलवर 12 फोटो यायचे, म्हणून प्रत्येक फोटोत सगळे जण ताठ. एकही वाया घालवायचा नाही ही शिस्त चेहऱ्यावर दिसते. हे दोन्ही गठ्ठे पन्नास-साठ वर्षांनीही ठणठणीत होते. खरा त्रास दिला रंगीत फोटोंनी.

1983 साली नवऱ्याची मुंज झाली. त्याचे फोटो त्या काळच्या चिकट पानांच्या अल्बममध्ये होते. जाड पुठ्ठा, त्यावर गोंदाच्या रेषा, वरून प्लॅस्टिकचा पापुद्रा. तेव्हा ही फार आधुनिक गोष्ट होती, कोपरे चिकटवायची कटकट नाही. चाळीस वर्षांत तो गोंद पिवळा पडून फोटोच्या पाठीत भिनला होता. नखाने उचलायला गेले तर मातृभोजनाच्या फोटोचा कोपरा टरकन वर आला आणि त्याखालचा पांढरा कागद दिसला. हात गारच पडले. मग कुठेतरी वाचलेलं आठवलं: दात साफ करायचा दोरा. मेण न लावलेला फ्लॉस घ्यायचा, दोन्ही हातांच्या बोटांना गुंडाळायचा, फोटोच्या कोपऱ्याखाली घालायचा आणि करवतीसारखा मागे-पुढे करत हळूहळू खाली आणायचा. एका फोटोला चार-पाच मिनिटं. 42 फोटो सोडवले. तीन मात्र काही केल्या निघेनात. ते पानासकट स्कॅनरवर उपडे घातले.

वर ते सगळे लाल झालेले. त्या काळच्या कित्येक रंगीत प्रिंटमधला निळसर-हिरवा रंग अंधारात, नुसत्या कपाटात ठेवूनही, आधी उडतो. मागे लाल-पिवळं राहतं. मुंजीतले सगळे ब्राह्मण विटेच्या भट्टीसमोर बसल्यासारखे दिसत होते. गिंप ह्या फोटो सुधारायच्या प्रोग्रॅममध्ये लाल, हिरवा, निळा अशा तिन्ही रंगांचे लेव्हल्स, म्हणजे कमी-जास्त पातळ्या, वेगवेगळे सरकवले की पुष्कळसं ताळ्यावर येतं. मी खूण धरली ती बटूच्या पांढऱ्या धोतराची. धोतर पांढरं दिसलं की बाकीचं आपोआप जागेवर. शिवाय त्यातल्या निम्म्या फोटोंचा कागद मधाच्या पोळ्यासारख्या जाळीचा. स्कॅनरचा दिवा एका बाजूने पडतो, त्यामुळे प्रत्येक खळग्याची सावली उमटते आणि चेहऱ्यावर देवीचे वण आल्यासारखे दिसतात. त्यावर एक युक्ती आहे. फोटो एकदा सरळ स्कॅन करायचा, मग उलटा फिरवून परत. दुसरा स्कॅन कॉम्प्युटरवर सरळ करून पहिल्यावर बरोब्बर बसवायचा आणि वरचा लेयर, म्हणजे थर, निम्मा पारदर्शक करायचा. दोन्हीकडच्या सावल्या एकमेकींना मारतात. बसवताना डोळ्याच्या बुबुळावर बुबुळ आणायचं, बाकी काही बघायचं नाही.

आणि तिसरी जात मोबाइलवरची. तिच्याबद्दल बोलण्यासारखं एवढंच की अमेरिकेतल्या पुतण्याने हौसेने 300 फोटो चॅटवर पाठवले, आणि चॅटवर फोटो म्हणून पाठवला की तो आकसतो. लांब बाजू 1600 पिक्सेलच्या आसपास. 14 माणसांच्या फोटोत एकेका चेहऱ्याच्या वाट्याला 60 पिक्सेल आले. त्याला म्हटलं, बाबा रे, डॉक्युमेंट म्हणून पाठव. तो म्हणाला, "काकू, मोबाइलवर तर क्लिअर दिसतंय."

दिसणारच. मलाही पडद्यावर सगळं क्लिअरच दिसत होतं. रांगोळीवाल्या पानाची गोम तीच होती. पडद्यावर काम करताना आपण हवं तसं मोठं करून बघतो, डोळा लावतो, समाधान पावतो, आणि पान किती इंचांचं आहे ते विसरून जातो. 12 इंचांत 23 फोटो म्हणजे चेहरे तुरीच्या डाळीएवढे. माझ्या डोळ्यांना कळतात, कारण ती माणसं कोण हे मला आधीच माहीत असतं. आईंच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालीत, आणि उजव्या डोळ्याला मधोमध जरा अंधुक दिसतं.

त्या दिवशी पान परत घेतलं आणि टेबलावर पडलेलं रुपयाचं नाणं सहज त्यावर ठेवलं. नाण्याखाली पूर्ण एक कुटुंब झाकलं गेलं, नवरा-बायको आणि कडेवरचं मूल. मग दुसरा मोठा प्रिंट काढला, त्यात चेहरा नाण्याएवढा होता. आईंनी हातात घेताच, चष्मा न हलवता, म्हणाल्या, "ही आक्का. ही कुठे सापडली तुला?"

तोच नियम झाला. ज्याला ओळखायचं त्याचा चेहरा रुपयाएवढा. माझ्या टेबलावरचं रुपयाचं नाणं साधारण 22 मिलीमीटरचं. छपाईला इंचाला 300 पिक्सेल धरले तर 260 पिक्सेल. मी गिंपमध्ये 260 पिक्सेलचं एक लाल वर्तुळ वेगळ्या लेयरवर काढून ठेवलं आणि पान जुळवताना ते नाणं एकेका चेहऱ्यावर सरकवत गेले. पान 3600 बाय 3600 पिक्सेलचं, त्यावर हे फिरतं नाणं. कुणाचं डोकं त्यात हरवलं की फोटो मोठा करायचा, नाहीतर काढायचा. 23 चे पाच झाले. काही पानांवर तीनच.

जुन्या फोटोंना हा नियम झेपतो का, हे आधीच मोजावं लागतं. 6 बाय 9 च्या फोटोत दहा माणसं असली तर चेहरा 3 मिलीमीटरचा. तो 600 डीपीआयला, म्हणजे इंचाला 600 ठिपके धरून, स्कॅन केला तर 70 पिक्सेल, 1200 ला 140. नाण्याएवढा करायला 260 हवेत. थोडं ताणून चालतं, जुन्या फोटोचा दाणा दिसला तर काही बिघडत नाही. त्यापलीकडे मात्र चेहऱ्याचं पिठलं होतं. म्हणून सगळे जुने छोटे फोटो मी दुसऱ्यांदा, 1200 ला, स्कॅन केले. तीन रविवार गेले. आधीच केलं असतं तर, पण आधी कोण सांगणार?

स्कॅन करताना प्रत्येक फोटोची पाठही स्कॅन केली. सासऱ्यांना पेन्सिलने मागे लिहायची सवय होती: महिना, वर्ष आणि एखादा शब्द. "मे 71, औंध." "आंबे." नुसतं "आंबे"! ते अक्षर कापून पानावर कुठेतरी ठेवायचं, हे मला फार उशिरा सुचलं, आणि ह्या सगळ्या खटाटोपातलं सुचलेलं तेच सर्वांत चांगलं. सासरे जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांची अक्षरं अर्ध्या पानांवर आहेत.

फोटोंची छाटणी म्हणजे घरातलं राजकारण. जाऊबाई पानं चाळताना ओठ हलवत होत्या, मोजत होत्या हे उघड होतं. त्यांच्या माहेरचा एक फोटो वाढवला आणि विषय संपवला. धाकट्या भाच्याने मध्येच कुठल्याशा अ‍ॅपमधून आई-बाबांच्या लग्नाचा काळा-पांढरा फोटो रंगवून पाठवला. गाल गुलाबी, शालू राणी रंगाचा. ग्रुपवर बदामांचा पाऊस. आईंना दाखवला. त्या म्हणाल्या, "ही कोण? माझा शालू हिरवा होता." तेव्हापासून रंगवलेला फोटो अल्बममध्ये घ्यायचा नाही हा दुसरा नियम झाला. मोबाइलवरचे भडक फोटो मात्र मी थोडे निववले, नाहीतर एकाच पानावर 1966 आणि 2019 शेजारी बसले की नवा फोटो दरवाजा उघडून आत आलेल्या पाहुण्यासारखा मोठ्याने बोलत राहतो.

आता छपाई. माझी आई शिवणकाम करायची. ब्लाउजपीस बेतताना ती आधी कापडावर कागदी बेत इकडे-तिकडे सरकवायची: पाठ इथे, बाही आडवी, उरल्या तुकड्यात गळ्याची पट्टी. तेच केलं. लॅबमध्ये 12 बाय 18 इंचांचा मोठा प्रिंट मिळतो. त्यावर 4 बाय 6 चे नऊ फोटो बरोब्बर बसतात, पण मला 4 बाय 6 नकोच होते. मला हवे होते पावणेतीन इंचांचे चौकोन, दीड इंची उभ्या पट्ट्या, अक्षराचे चिटोरे. तेव्हा 3600 बाय 5400 पिक्सेलच्या कोऱ्या पानावर चार-चार पानांचे तुकडे अंथरले, मध्ये कात्रीपुरती जागा सोडली, आणि प्रत्येक तुकड्याच्या बाहेर बारीक अक्षरात पानाचा आकडा टाकला. तो आकडा नसेल तर कापून झाल्यावर काय होतं ते मी पहिल्या खेपेस पाहिलंय. जमिनीवर 31 तुकडे आणि मध्ये मी.

लॅबने पहिल्या खेपेला आणखी दोन धडे दिले. एक, मशीन चारी बाजूंनी थोडं खातं. कडेला ठेवलेल्या चुलत सासऱ्यांचा एक कान गेला. तेव्हापासून काठाला 5 मिलीमीटर मोकळे. दुसरं, काउंटरवरचा मुलगा आपण होऊन फोटो "सुधारतो". मी तासन् तास निववलेले रंग त्याच्या कॉम्प्युटरने एका सेकंदात उजळून टाकले, आणि सगळ्यांना घाम आल्यासारखं दिसू लागलं. आता पेन ड्राइव्ह देतानाच सांगते, "करेक्शन काही करू नका, आहे तसं." कागद मॅट. चकचकीत कागदावर ट्यूबलाइट उमटते आणि आईंना फोटो तिरका धरून बघावा लागतो.

आणि मोठा प्रिंट काढायच्या आधी झेरॉक्सच्या दुकानातून साध्या कागदावर काळा-पांढरा कच्चा प्रिंट. तो कापून हातकागदावर नुसता मांडायचा आणि रात्रभर तसाच ठेवायचा. सकाळी चहा घेताना बघितलं की लगेच कळतं काय खटकतंय. पडद्यावर मला प्रत्येक फोटोमागे मऊ सावली द्यायची खोड लागली होती. एके काळी पिकासा ह्या फोटोंच्या प्रोग्रॅममध्ये फोटो टेबलावर उधळल्यासारखा कोलाज एका क्लिकमध्ये व्हायचा, गूगलने ते 2016 साली बंद केलं, पण सवय गेली नाही. कागदावर ती छापील सावली खोटी दिसते, कारण चिकटवलेल्या तुकड्याची स्वतःची खरी सावली पडते आणि ती भलत्याच बाजूला असते. सगळ्या सावल्या काढल्या. फोटोमागे जाड कार्डशीटचा तुकडा लावला की झालं.

चिकटवणं थोडक्यात सांगते. पांढरा डिंक नको, पाण्याने फोटो पापडासारखा फुगतो. डबल टेप उत्तम, पण एकदा टेकला की टेकला, म्हणून आधी पेन्सिलने कोपऱ्यांच्या खुणा. कटर नवा हवा. बाकी सगळं साहित्य रविवार पेठेत बोहरी आळीत मिळालं, तिथून मणी आणि लेसचेही दोन पुडे आणले होते. ते तसेच पडून आहेत. एका पानावर लेस लावून पाहिली तर आईंच्या आत्याबाई उशीच्या अभ्र्यावर बसल्यासारख्या दिसायला लागल्या.

बाइंडर फार अनुभवी गृहस्थ. मी सहा पानं चिकटवून झाल्यावर त्यांच्याकडे गेले. त्यांनी गठ्ठा हातावर तोलला आणि विचारलं, "ताई, पाठीकडे पट्ट्या घातल्यात का?" फोटो, कार्डशीट, टेप यांनी प्रत्येक पान मध्ये जाड होतं आणि शिवणीपाशी पातळ राहतं. तसंच बांधलं तर अल्बम सुसरीसारखा जबडा उघडून बसतो. दर दोन पानांमध्ये शिवणीपाशी अर्ध्या इंचाची कागदी पट्टी घालायची, मग जाडी सारखी होते. आणि फोटो शिवणीपासून इंचभर लांब. माझी चार पानं ह्या हिशेबात नापास झाली. परत छापली.

तेरावं पान मी सगळ्यात शेवटी केलं. त्याची गोष्ट वेगळी आहे.

कराडच्या ट्रंकेत एक फोटो होता, मागे सासऱ्यांचं अक्षर: "डिसें. 67, अंगणात." 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. वाड्याची एक भिंत फुगली, आणि पुढचे किती तरी दिवस सगळी आळी अंगणात झोपत होती, कारण धक्के थांबत नव्हते. थोरल्या वन्सं तेव्हा दोन महिन्यांच्या. फोटोत अंगणातली बाज, चार काठ्यांना बांधलेलं लुगडं, काठीला अडकवलेला कंदील, बाजेवर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. बाळाचं फक्त टोपडं आणि नाक दिसतं. डाव्या काठावरून एक हात आत आलाय आणि बाळाच्या अंगावरचं घोंगडं सारखं करतोय. हाताचं माणूस फोटोच्या बाहेर.

नाण्याचा नियम इथे चालेना, चेहराच नव्हता. म्हणून ह्या पानावर दुसरा कुठलाच फोटो घेतला नाही. त्याच एका स्कॅनमधून तुकडे काढले. 1200 ला स्कॅन केल्यावर तो फोटो 2800 बाय 4250 पिक्सेलचा झाला, आणि बॉक्स कॅमेऱ्याच्या त्या निगेटिव्हमध्ये काय काय होतं! कंदिलाच्या काचेला तडा होता. लुगड्याला एक ठिगळ होतं. हात मूळ फोटोत जेमतेम 8 मिलीमीटर, पण पडद्यावर मोठा केला तर मनगटापर्यंत आलेली बाही, दोन काचेच्या बांगड्या आणि अंगठ्याने चिमटीत धरलेली घोंगड्याची कड, सगळं दिसलं. मी आणि नवरा बराच वेळ बघत बसलो. तो म्हणाला, "आईचा हात." थंडीमुळे स्वेटर असणार.

पान असं जुळलं: डावीकडे अख्खा फोटो, मुळापेक्षा दुप्पट मोठा, नागमोडी कडेसकट. उजवीकडे खाली-वर तीन तुकडे: कंदील, टोपडं, हात. हाताचा तुकडा दोन इंचांचा केला. त्या मापाला पिक्सेल कमी पडत होते, दाणा उमटला, पण मऊ दिसला, घोंगड्यासारखा. वर "डिसें. 67, अंगणात" ही पट्टी. खाली दोन इंच हातकागद कोरा सोडला. प्रत्येक पानावर मी अशी जागा सोडत होते, आईंनी स्वतः लिहावं म्हणून. पडद्यावर ती जागा सतत रिकामी-रिकामी वाटते आणि तिथे काहीतरी घालायला हात शिवशिवतात. मी तिथे "इथे काही नको" असं लिहिलेला एक लेयरच करून ठेवला होता.

चिकटवून, दाबून, दुसऱ्या दिवशी पान आईंना दिलं. "तुमचा हात बघा," मी म्हटलं.

त्यांनी पान मांडीवर घेतलं. कंदिलावरून बोट फिरवलं, टोपड्यावर थांबल्या. हाताकडे आल्या आणि बघत राहिल्या.

"हा माझा नाही."

"आई, असं कसं? बाळाला पांघरूण तुम्हीच घालणार ना?"

"अगं, मी परसात चुलीवर तिच्या अंघोळीचं पाणी तापवत होते. बाळंतीण असून. घरात जायची सोय नव्हती. आणि बाही बघ की. एवढ्या लांब बाह्यांचं पोलकं आमच्यात कोण घालायचं?"

"स्वेटर वाटला आम्हाला."

"स्वेटर कुठले तेव्हा! ही भाभी. शेजारची, तांबोळ्याची. ते घोंगडं तिचंच. आमचं सगळं अंथरूण आत भिंतीखाली अडकलेलं. नऊ रात्री ती माझ्या बाजेशी बसून होती, तू झोप म्हणायची, मी बघते." मग जरा थांबून, "तिचा फोटो नाहीच का कुठे?"

नव्हता. 640 स्कॅन परत चाळले. एका हळदी-कुंकवाच्या फोटोत दारात कुणीतरी अर्धवट दिसतं, पण आई म्हणाल्या, ती नव्हे.

मी काळं जेल पेन आणून दिलं. पेन्सिलने रेघा मारून देऊ का विचारलं, तर नको म्हणाल्या. उजवा हात डाव्याने धरून, मोठ्या अक्षरात, सावकाश लिहिलं:

"हा हात भाभीचा. घोंगडं तिचं. नऊ रात्री. थंडी फार होती."

अक्षर वर चढत गेलं आणि "होती" मधली वेलांटी हाताच्या फोटोवर गेली. ती तशीच आहे. मग त्यांनी दुसऱ्या ओळीला पेन टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं.

"तिचं नाव लिहायला पाहिजे," त्या म्हणाल्या. "काय गं नाव तिचं? भाभीच म्हणायचो सगळे."

वन्संना फोन केला. कराडच्या चुलत जावेला केला. कुणालाच आठवेना. कार्यक्रम होऊन दोन महिने झाले, अल्बम बांधून झाला, पाहुण्यांनी बघितला. तेराव्या पानावरची दुसरी ओळ अजून मोकळी आहे, सुरुवातीला पेन टेकवल्याचा एक ठिपका आहे तेवढा.